दुकान उघडे, वाचनालय बंद!

काही दिवसांपूर्वी एक भगिनी पोटगीचा अर्ज करण्यासाठी आमच्याकडे आली. पतीची सारी कमाई दारूत जात होती. कागद तयार होत असता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, मला नवरा सोडायचा नाही, त्याची दारू सोडवायची आहे. त्यावर इलाज कोठे होतो, तेवढे सांगा." आम्ही अर्ज बाजूस ठेवून तिला जिल्हा रुग्णालयाचा पत्ता दिला. परंतु एवढ्या माहितीसाठी वकिलाचे दार गाठावे का लागावे? तिच्या गावात सरकारी अनुदानाचे वाचनालय आहे. ते सायंकाळी बंद असते. दारूचे दुकान नेमके त्याच वेळी भरते!

दि. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शील हेच. शील ग्रहण करावयास एक क्षण पुरतो. ते पाळावयाचे असते रोज, विशेषतः सायंकाळी. ज्याला व्यसन जडले, त्याचे शरीरच दारू मागते. जुन्या मद्यपीने ती एकाएकी बंद केली तर हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून त्यास शपथा घालून, कोंडून अथवा विहारातून हाकलून भागत नाही. त्यास वैद्यकीय उपचार हवे असतात.

कायदाही हेच सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या मनोविकारांना मानसिक आजारांत गणले आहे. कलम 18 ने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे आणि कलम 23 ने गुप्ततेचा. परंतु जो हक्क ठाऊकच नाही, तो असून नसल्यासारखा!

येथे वाचनालयाचे काम सुरू होते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्याखालील अनुदान जनतेच्या करातून येते. त्यात मजुराच्याही घामाचा पैसा आहे. वाचनालयाचा दरवाजा जात विचारीत नाही, फी घेऊन सल्ला देत नाही, आणि आत जाणारा कशासाठी गेला हे कोणास कळत नाही. दवाखान्याची पायरी चढण्यास लाजणारा मनुष्य वर्तमानपत्र वाचण्याच्या निमित्ताने तेथे सहज जातो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, मॅकफर्सन चौकातील ग्रंथालयाचे कर्मचारी 2017 साली अमली पदार्थाच्या अतिसेवनाने बेशुद्ध पडलेल्यांना औषध देऊन वाचवीत होते. एवढी अपेक्षा आम्ही आपल्या ग्रंथपालाकडून करीत नाही. त्याने उपदेश करू नये. योग्य पत्ता द्यावा आणि विचारणाऱ्याचे नाव स्वतःपाशी ठेवावे, इतके पुरे.

"वाचनालय पुस्तकांसाठी आहे, दारुड्यांसाठी नाही," असे काही सभ्य गृहस्थ म्हणतील. त्यांना आमचे उत्तर असे की, व्यसनी मनुष्याचे मूल ज्या घरात अभ्यास करू शकत नाही, त्या घरापर्यंत पुस्तक पोहोचवावयाचे तर आधी तेथील भांडण थांबले पाहिजे. दादरच्या राजगृहात ग्रंथांना मानाची जागा देणाऱ्या पुरुषाचे आपण अनुयायी. ग्रंथालयाचे मोल आपणास कोणी शिकवावे?

तेव्हा बंधुभगिनींनो, या पंधरवड्यात आपल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाकडे लेखी अर्ज करा. तीन गोष्टी मागा. वाचनालय सायंकाळी 6 ते 9 उघडे ठेवावे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक 14446 व जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता ठळक अक्षरांत दाराशी लावावा. आठवड्यातून एक दिवस व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या बैठकीस खोली द्यावी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारखे गट सभासदांकडून वर्गणीची सक्ती करीत नाहीत, त्यांना बसावयास जागा तेवढी हवी असते.

अर्जावर स्त्रियांच्या सह्या प्रथम असाव्यात, कारण हा छळ त्यांनीच अधिक सोसला आहे. आणि अर्जाची पोच घेतल्यावाचून परतू नका.