शिस्त सगळ्यांना सारखी

आमच्या वसतिगृहात मोबाईल जमा करावा लागतो. मुलांनाही आणि मुलींनाही. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला घरी गेले, तेव्हा रात्री नऊ वाजता आईने फक्त माझा मोबाईल कपाटात ठेवला. दादाचा त्याच्या हातातच राहिला. "दिवस बरे नाहीत, बाळा," आजी म्हणाली.

त्याच सुट्टीत मी सर्वोच्च न्यायालयातील वकील करुणा नंदी यांच्याविषयी वाचलं. त्यांचा जन्म भोपाळचा. छत्तीसगड वेगळं होण्याआधी रायपूरची राजधानी भोपाळच होती, म्हणून त्या मला आपल्याच भागातल्या वाटल्या.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका मुलीला फेसबुकवर बंदविषयी लिहिलं म्हणून आणि तिच्या मैत्रिणीला ते 'लाइक' केलं म्हणून अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ ला आव्हान दिलं. त्या लढ्यातल्या वकिलांमध्ये करुणा नंदी होत्या. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केलं.

स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धच्या २०१३ च्या कायदेदुरुस्तीसाठीही त्यांनी काम केलं. त्या दुरुस्तीने स्त्रीचा पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला. तिच्या इंटरनेट आणि ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणंही त्यातच आलं. आता हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कायदा त्रास देणाऱ्याला पकडतो, मुलीचा मोबाईल काढून घेत नाही. घरात मात्र आपण नेमकं उलटं करतो. आईची भीती खोटी नाही, हे मला कळतं. पण कपाटातल्या मोबाईलने मी सावध कशी होणार? पासवर्ड कसा जपायचा, धमकीचा मेसेज आला तर पुरावा कसा ठेवायचा, तक्रार कुठे करायची, हे मला शिकवा. दादालाही शिकवा.

सगळ्यांना सारखा असेल तर नियमाला शिस्त म्हणतात. एकालाच लावला तर तो अन्याय होतो. परेडच्या मैदानावर मुलींसाठी वेगळी 'सावधान' नसते.

मी आईला एवढंच म्हटलं, "ठेवायचे तर दोन्ही ठेव." दुसऱ्या रात्री नऊला दोन्ही मोबाईल कपाटात गेले. दादा दोन दिवस रुसला. मित्र-मैत्रिणींनो, पुढच्या सुट्टीत तुमच्याही घरी हे विचारून पाहा.