उघडता न येणारी वस्तू कोणाची?

खंडेनवमीच्या दिवशी आपण हत्यारांची पूजा मांडतो. पक्कड, करवत, हातोडी यांना हळदकुंकू वाहतो, फुले घालतो, हात जोडतो. दोन दिवसांनी तीच हत्यारे फडक्यात गुंडाळली जाऊन माळ्यावर चढतात आणि वर्षभर तेथेच राहतात. मुलाने त्यांतील एखादे खाली काढून बंद पडलेला पंखा उघडला, तर घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ‘अभ्यास सोडून हे मिस्त्रीचे काम तुला कोणी सांगितले?’ ज्याची पूजा करावयाची, त्याला हात लावण्याची मात्र लाज वाटावी, ही भक्ती कोणत्या प्रकारची?

आमच्या बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा नावाची जलयोजना आहे. इ. स. १६१५ मध्ये, अब्दुर रहीम खानखानाच्या अमदानीत, तबकुतुल अर्झ या इराणी भूगर्भवेत्त्याने सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी भूमिगत बोगद्यांत गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत तिचे नाव गेले. येणारे पाहुणे तिची भव्यता वाखाणतात. मला विशेष वाटते ते बोगद्यावर ठराविक अंतराने ठेवलेल्या शंभराच्या आसपास कुंड्यांचे. कुंडी ही हवा आणि उजेड आत जाण्याची वाट, तशीच माणसाने आत उतरून गाळ उपसण्याचीही वाट. आपली कृती उद्या बिघडणार, हे त्या कारागिराने घडवतानाच मान्य केले होते आणि ती दुरुस्त करणाऱ्या अनोळखी हातांसाठी त्याने दार उघडे ठेवले होते.

आजच्या कारखानदाराने ते दार बुजविले आहे. भ्रमणध्वनीची बॅटरी गोंदाने चिकटवलेली. खिळे असे, की साधा स्क्रू ड्रायव्हर त्यांना लागू नये. काही यंत्रांत तर त्याच बनावटीचा अस्सल सुटा भाग बसविला तरी यंत्र तो ओळखण्यास नकार देते. पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू ज्याला उघडता येत नाही, तो तिचा मालक की भाडेकरू? मालकी म्हणजे केवळ पावतीचा कागद नव्हे. वस्तू वापरण्याचा, देऊन टाकण्याचा, मोडण्याचा आणि जोडण्याचा अधिकार मिळून मालकी होते, एवढे तरी कायद्याचा कोणीही विद्यार्थी सांगेल.

ही तक्रार केवळ भावनेची नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने त्या बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नव्हत्या, हा त्यांच्यावरील ठपका. दंडावर पुढे अपिले झाली. परंतु तत्त्व नोंदले गेले. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर एक संकेतस्थळही सुरू केले. हे स्वागतार्ह आहे. परंतु संकेतस्थळ माहिती देते, हात देत नाही. ज्या समाजाला उघडावयाचेच नाही, त्याला उघडण्याचा हक्क देऊन उपयोग काय?

म्हणून माझा खरा वाद कारखानदारांशी नसून आपल्याच घरांशी आहे. छताचा पंखा संथ झाला, तर बहुधा दोन-अडीच मायक्रोफॅरडचा एक स्वस्त कंडेन्सर गेलेला असतो. मिक्सर ठिणग्या टाकू लागला, तर अनेकदा त्याचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. एक मल्टिमीटर, डाख देण्याची २५ वॅटची इस्त्री आणि एक मेज, एवढ्यावर घरची कार्यशाळा उभी राहते. ती उभी राहत नाही, कारण हाताचे काम इतरांचे आणि डोक्याचे काम आपले, ही जुनी वाटणी आपण अजून मनातून काढलेली नाही. ज्या सुतार-लोहारांनी आपल्या देवांच्या पालख्या आणि समया घडविल्या, त्यांना आपण मंडपाच्या कडेला उभे केले. त्या पापाची फेड नुसत्या गौरवाच्या भाषणांनी होणार नाही.

उदाहरण आपल्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून डॉक्टरेट मिळवून आलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनकेंद्रात मोठ्या पदावर असलेले शास्त्रज्ञ. १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावी विज्ञान आश्रम काढला आणि काम करता करता शिकणे हाच अभ्यासक्रम केला. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. शहाणपणाला हातांची लाज वाटत नाही, हे त्यांनी जगून दाखविले.

यावर कोणी म्हणेल, विजेशी खेळ जिवावर बेतेल. आक्षेप खरा आहे. मायक्रोवेव्ह भट्टीतील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही प्राणघातक भार धरून ठेवू शकतो. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली तर पेट घेते. परंतु विहिरीत मुले बुडतात, म्हणून सुज्ञ पालक पोहणे शिकवितो. काय उघडावे आणि काय जाणत्याकडे न्यावे, हा विवेक शिकविण्यासाठीच गुरू हवा.

तो गुरू आणि ती जागा, दोन्ही आपल्याजवळ आहेत. आपल्या देवळांच्या अग्रशाळा उत्सव सोडले तर बहुतेक रिकाम्या असतात. महाजनांनी महिन्यातील एक रविवार त्या उघडाव्यात, गावातील फिटर आणि रेडिओ-मिस्त्री यांना मानधन व मानाचे आसन देऊन बोलवावे, आणि घराघरांतील बिघडलेली यंत्रे मुलामुलींच्या हाती द्यावीत. ॲमस्टरडॅमला २००९ साली असाच पहिला दुरुस्ती-मेळा भरला आणि त्याचे अनुकरण देशोदेशी झाले. यंत्रमागांच्या या बऱ्हाणपुरात, जेथे रोज कोणी ना कोणी यंत्राखाली वाकून त्याची कळ शोधीत असतो, तेथे शिकविणाऱ्यांची वाण पडणार नाही. वाण आहे ती शिकावयास बसणाऱ्यांची. येत्या खंडेनवमीला हत्यारांवर फूल वाहताना, ती माळ्यावर परत जाणार नाहीत, एवढा संकल्प प्रत्येक घराने सोडावा.