बंपर मागून बघा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बंपर करून घ्यायला येणारा माणूस आधी मोबाइल पुढे करतो. त्यात कुठल्या तरी थारचा समोरून काढलेला फोटो असतो. काळा, रुंद, कोनदार बंपर, मधोमध दोरी ओढणारा विंच, दोन्ही बाजूंना लाल शॅकल आणि वर पाइपची कमान. "ताई, अस्साच पायजे. पण पत्रा सहा एमएमचा घाला. धडक बसली तरी हालला नाही पायजे." मी विचारते, याचा मागच्या बाजूचा फोटो आहे का? तो कुणाकडेच नसतो.

बंपरचं खरं काम मागे असतं. चॅसिसला तो कुठे धरला आहे, कशाने धरला आहे आणि जोराची धडक बसली तर आधी काय चुरगळणार, या तीन प्रश्नांच्या उत्तरावर आतल्या माणसांच्या बरगड्या अवलंबून असतात. गिऱ्हाईक ती बाजू बघत नाही. बाजारात रेडिमेड बंपर विकणारे बरेचसे लोक ती दाखवत नाहीत. आणि आपला कायदाही ती बघायला तयार नाही, म्हणून हा लेख.

मी रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला असे बंपर बसवत नाही. गोव्यात 2014पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तशा चिखलातल्या स्पर्धांसाठी ट्रेलरवर चढून जाणाऱ्या गाड्यांचं काम आम्ही करतो. तिथे कंपनीचा प्लॅस्टिकचा बंपर पहिल्याच ओढ्यात निघून येतो. लोखंडी बंपर तिथे गरजेचा आहे, शोभेचा नाही.

नव्या गाडीचा बंपर उतरवला की चॅसिसची दोन टोकं पुढे आलेली दिसतात. बहुतेक नव्या गाड्यांत त्या टोकांवर पातळ पत्र्याच्या दोन पोकळ पेट्या असतात. त्यांना क्रॅश बॉक्स म्हणतात. हातात घेतली तर ही पेटी अगदी किरकोळ वाटते. तिच्यावर आडव्या खाचा दाबलेल्या असतात आणि नवख्या माणसाला वाटतं, पत्रा वाचवायला कंपनीने हे केलं असेल. त्या खाचा मुद्दाम दिलेल्या असतात. धडक बसली की पेटीने कुठे आणि कोणत्या क्रमाने घडी घालायची, हे त्या ठरवतात.

हिशोब सोपा आहे. गाडी ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग 60 सेंटीमीटर चुरगळला, तर आतल्या माणसाला साधारण गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट झटका बसतो. तोच पुढचा भाग ताठ केला आणि तो 40 सेंटीमीटरच चुरगळला, तर झटका पंचवीसपटीच्या आसपास जातो. वेग तोच, गाडी तीच. फरक फक्त त्या 20 सेंटीमीटरचा. सहा एमएम पत्र्याचा, पेट्या काढून थेट चॅसिसला बोल्ट मारलेला बंपर हेच 20 सेंटीमीटर खाऊन टाकतो. अपघातानंतर बंपरला ओरखडासुद्धा नाही म्हणून लोक कौतुक करतात. बंपरने जे झेललं नाही, ते कुणी तरी झेललेलं असतं.

एअरबॅगबद्दल एक अर्धवट समज पसरला आहे. 'गार्ड लावला की एअरबॅग उघडत नाही', असं सगळे सांगतात. नेमकी गोष्ट अशी की, गाडी किती झपाट्याने मंदावते आहे ते सेन्सर मोजतो आणि काही मिलिसेकंदांत निर्णय होतो. त्या गाडीचा पुढचा भाग कसा चुरगळतो, ते धरूनच हा निर्णय बेतलेला असतो. पुढे वेगळं लोखंड आलं की मंदावण्याचा आलेखच बदलतो. मग एअरबॅग उशिरा उघडेल किंवा पार्किंगमध्ये खांबाला टेकल्यावर विनाकारण उघडेल. दोन्ही वाईट. थार रॉक्ससारख्या गाडीत आता पुढे रडारही आहे. त्याच्यासमोर लोखंड आणून ठेवलं तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला समोरचं काय दिसेल?

आम्ही काम सुरू करतो ते पुठ्ठ्यापासून. फ्रीजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा चॅसिसच्या टोकाला लावायचा, भोकं पेन्सिलने उठवायची, कापायचा, परत लावून बघायचा. बोनेट उघडझाप करून बघायचं, चाक पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते बघायचं, रेडिएटरकडे जाणारी हवा अडत नाही ना ते बघायचं. पुठ्ठा जमला की मगच कॉम्प्युटरवर ड्रॉइंग, लेझर कटिंग आणि बेंडिंग. आमच्याकडचे वेल्डर मामा आधी फक्त टॅक, म्हणजे तात्पुरते ठिपके, मारतात, बंपर गाडीवर चढवून सगळ्या फटी आणि मापं तपासतात, आणि पूर्ण वेल्डिंग उतरवून करतात. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलं तर उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि भोकं जुळत नाहीत. म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे असं करत जावं लागतं. या कामाला वेळ लागतो आणि फोटोत तो दिसत नाही.

कंपनीच्या आकड्यांनुसार थारचा पुढचा चढणीचा कोन 41.8 अंश आहे. म्हणजे एवढा उभा चढ समोर आला तरी नाक न घासता चाक आधी टेकतं. बंपरची खालची कड दहा सेंटीमीटर पुढे आणली की त्यातले काही अंश गेले. ज्यासाठी गाडी घेतली, तेच दणकट दिसण्याच्या नादात घालवायचं. चांगल्या ऑफ-रोड बंपरच्या कडा चाकासमोर वर उचललेल्या असतात, ते याचसाठी. तो आकार रुबाबाचा नाही, गरजेचा आहे.

वजनाचंही तसंच. तीन एमएम पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. दीड चौरस मीटर पत्रा गेला की 35 किलो झाले, त्यावर विंचचे तेवढेच. हे 70 किलो पुढच्या आसाच्या 70 सेंटीमीटर पुढे लटकतात. थारचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर. तरफेचा नियम लावला तर पुढच्या चाकांवर 70 नव्हे, 90 किलो वाढतात आणि मागची चाकं 20 किलोंनी हलकी होतात. स्प्रिंग बसते, दिव्यांचा झोत खाली येतो, ओल्या घाटात मागचं चाक सुटायला लागतं. सहा एमएमचा हट्ट धरणाऱ्याला मी हा हिशोब कागदावर करून देते. जाड पत्र्यापेक्षा बरोबर जागी दिलेली घडी आणि आतून बसवलेला गसेट, म्हणजे कोपऱ्यातला तिकोनी आधार, जास्त ताकद देतात.

एका जागी मात्र मी पत्र्याची काटकसर करू देत नाही. अडकलेली गाडी ओढायची जागा. तिथे 20 ते 25 एमएमची प्लेट हवी, ती बंपरच्या पत्र्यातून आरपार जाऊन थेट चॅसिसपर्यंत पोचलेली हवी आणि दोरी अडकवायच्या कड्यावर, म्हणजे शॅकलवर, त्याची क्षमता कोरलेली हवी. भरलेली गाडी सव्वादोन टनांची धरली, तर विंच तिच्या दीडपट, म्हणजे निदान साडेतीन टनांचा लागतो. चिखलाने धरलेली गाडी ओढताना दोरीत येणारा ताण तिच्या वजनालाही मागे टाकतो. पत्र्यावर नुसतं वेल्ड केलेलं कडं अशा वेळी तुटलं, तर ते दोरीसकट उडतं. बाजारात लाल रंग दिलेली शोभेची कडी सर्रास मिळतात. त्यांना मी दुकानात हातसुद्धा लावू देत नाही.

आता गव्याचं बोलू. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरणारा प्रत्येक जण विचारतो, "रात्री गवा आडवा आला म्हणजे?" काळजी खरी आहे. पण मोठ्या नर गव्याचं वजन हजार किलोच्या घरात जातं आणि त्याचा खांदा उभ्या माणसाएवढा उंच असतो. बंपर त्याच्या पायांना लागतो. पाय गेले की धड बोनेटवरून काचेवर येतं. बंपर कितीही जाड असला तरी त्या धडाला तो अडवू शकत नाही. कोरड्या रस्त्यावर 80च्या वेगाला, एक सेकंद भान यायला धरून, गाडी थांबायला साठ मीटरच्या आसपास लागतात. 40च्या वेगाला वीस मीटर पुरतात. डिपरच्या उजेडात दिसतं किती, ते त्या रस्त्याने रात्री गेलेल्याला विचारा. गव्यापासून वाचवतो तो वेग, आणि जंगल त्याचं आहे हे धरून चालवलं तर तोही वाचतो.

शिवाय रस्त्यावर गव्यापेक्षा माणसं जास्त असतात. कंपनीचा बंपर आणि बोनेट थोडं दबतात ते पायी चालणाऱ्याच्या गुडघ्यासाठी आणि डोक्यासाठी. दसरा चौकात शाळेतली मुलं रस्ता ओलांडतात तिथे पाइपची ती कमान नेमकी मुलाच्या डोक्याच्या उंचीवर असते. शहरात मिरवायला लावलेल्या बुल बारच्या बाजूने मला एक शब्दही बोलायचा नाही.

मग सरकारने डिसेंबर 2017मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार बंद करा म्हणून सांगितलं, ते योग्यच केलं. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असं सांगितलं. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यातलं 182अ हे कलम बदललं. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कागदावर हे कडक आहे. पण आमच्याच रस्त्यावर उभं राहून तासभर गाड्या बघा. बंदीने बंपर थांबले नाहीत. ते बिनपावतीचे झाले. कुणी केला, कुठल्या पत्र्याचा केला, पेट्या ठेवल्या की काढल्या, कशाचाच पत्ता नाही. बंदीमुळे नीट काम करणारा मागे हटला आणि वाटेल ते वेल्ड करून देणाऱ्याला मैदान मोकळं मिळालं.

दुसरा मार्ग आपल्याकडेच आहे. गाडीला सीएनजी किट बसवणं हासुद्धा बदलच. त्यात तर डिकीत दाबाखालचा वायू येतो. तरी त्याला परवानगी आहे. किटची मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी होते, ते कुठल्या मॉडेलला चालेल ते ठरतं, अधिकृत फिटर बसवतो आणि आरसी बुकात नोंद होते. 2019च्या दुरुस्तीनंतर कलम 52 केंद्राला असे निकष ठरवण्याचा अधिकार देतं. मग बंपरला हाच रस्ता का नको? ऑस्ट्रेलियात कांगारूंमुळे हा प्रश्न फार जुना. मेलबर्नची एआरबी 1975पासून हेच काम करते. तिथे 2002मध्ये अशा बंपरसाठी स्वतंत्र मानक आलं. तिथले चांगले कारखाने गाडीच्या प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा माउंट करतात आणि तो एअरबॅगशी जुळतो का, ते तपासतात. युरोपने 2005मध्ये पादचाऱ्याच्या पायाच्या आणि डोक्याच्या चाचण्या लावल्या आणि कडक पाइपच्या बारना बाजारातून घालवलं. दोघांनी आपापल्या रस्त्यांचा विचार केला. आपल्यालाही करता येईल.

माझं मागणं असं आहे. मंजुरीचे दोन भाग करा. मागचा ब्रॅकेट, म्हणजे चुरगळणाऱ्या पेटीसकटचा माउंट, याची मॉडेलनुसार चाचणी व्हावी आणि त्यावर नंबर कोरलेला असावा. पुढच्या कवचाला साधे, मोजपट्टीने तपासता येतील असे नियम असावेत. एकूण वजनाची मर्यादा, पत्र्याच्या जाडीची मर्यादा, सगळ्या कडा गोल, वर पाइपची कमान अजिबात नाही, दिवे आणि नंबरप्लेट पूर्ण मोकळी, रडार असलेल्या गाडीला सरळ नकार. आणि परवानगी फक्त ऑफ-रोड गाड्यांना. शहरातल्या एसयूव्हीला नाही. कवच बदललं की ब्रॅकेटचं वागणं बदलेल, असा आक्षेप एखादा इंजिनिअर घेईल आणि तो बरोबरच आहे. म्हणून ब्रॅकेटची चाचणी मर्यादेतल्या सर्वांत जड आणि सर्वांत ताठ कवचासह घ्यावी. त्यात उतरला तर हलक्या कवचासह अडचण येणार नाही, असा माझा अंदाज आहे. तोही एकदा प्रत्यक्ष गाडीवर तपासून घ्यावा.

अडचण पैशांची आहे. अशा चाचणीत गाडी फोडावी लागते आणि तो खर्च उद्यमनगरातल्या एकट्या वर्कशॉपच्या आवाक्यातला नाही. पण थार नाशिकला बनते, गुरखा ही ऑफ-रोड गाडी बनवणारी कंपनी पुण्याची, गाड्यांच्या चाचण्या करणारी, 1966पासूनची एआरएआय ही संस्थाही पुण्यातच, वेताळ टेकडीवर. सगळी मंडळी एका राज्यात आहेत. क्रॅश बॉक्स किती बलाला चुरगळायला सुरुवात होते, तो आकडा गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे असतोच. तो आणि चॅसिसच्या टोकांची मापं त्यांनी नोंदणीकृत फॅब्रिकेटरना द्यावीत, चाचणीचा खर्च दहा-बारा वर्कशॉपनी मिळून उचलावा आणि पास झालेला ब्रॅकेट सगळ्यांना करू द्यावा. सुरुवात थारपासून व्हावी, कारण सगळ्यात जास्त बेहिशेबी बंपर तिच्यावरच चढतात. तिच्या ब्रॅकेटची माझ्याकडची ड्रॉइंग मी मोबदला न घेता द्यायला तयार आहे.