चाळिशीतली पदवी

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, ते शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी. आजही रविवारच्या संपर्क सत्राला अभ्यास केंद्रात डोकावले, तर पहिल्या बाकावर अंगणवाडी सेविका दिसते. पिशवीत पुस्तकांखाली घरच्या भाजीची जुडी, वहीच्या मागच्या पानावर पोषण आहाराचा हिशेब. पर्यवेक्षिका व्हायचे तर तिला पदवी हवी. मुलांचे शिक्षण मार्गी लागल्यावर तिने स्वतःचे हाती घेतले, याचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते.

पण कौतुकाने पगार वाढत नाही. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तरीही मुलाखतीत ‘बाहेरून केलंय का?’ हा प्रश्न येतोच, आणि तो विचारणाऱ्याने उमेदवाराची पंधरा-वीस वर्षांची कामातली जाण मोजलेलीच नसते. खासगी आस्थापनांत तर परीक्षेसाठी रजा मागणेही अनेकांना जड जाते. सरकारने परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा सर्व आस्थापनांना बंधनकारक करावी. सुरुवात मानधनावरच्या कर्मचाऱ्यांपासून व्हावी.