जालना पाण्याच्या वाटेने

जालन्याला बाहेरचा माणूस येतो तो कामासाठी. सळईचा सौदा, बियाण्यांची एजन्सी, मोंढ्यातला माल, नाहीतर सोयरीक. काम उरकले की तो मिळेल ती गाडी धरून परततो. एखादा दिवस हाताशी उरलाच, तर जालनेकरच त्याला वेरूळ-अजिंठ्याचा रस्ता दाखवतात. "आपल्याकडे काय आहे बघायला?" हे वाक्य सदर बाजारापासून कन्हैयानगरपर्यंत कुठेही ऐकू येते, आणि दर वेळी ते मनाला लागते. कारण या गावात बघण्यासारखे पुष्कळ आहे. पाणी कुठून आले आणि कसे आले, एवढा एक धागा धरून चालले की गाव आपोआप उलगडत जाते.

सुरुवात घाणेवाडीपासून करावी, आणि तीही सकाळी, ऊन चढायच्या आत. शहराबाहेरच्या या तलावाला आता संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. निजामी राजवटीत, 1930च्या दशकात, बेझनजी जालनावाला या पारशी उद्योजकाच्या पुढाकाराने तो उभा राहिला. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने त्याचे पाणी नवीन जालन्याकडे आपल्याच उताराने येते. त्याला ना पंप लागतो ना वीज. विजेचे बिल थकले म्हणून पाणीयोजना बंद पडल्याच्या बातम्या मराठवाड्यात नेहमीच्याच. त्या वाचणाऱ्याने या तलावाच्या बांधावर दहा मिनिटे तरी उभे राहावे. बेझनजी हे नाव आजही रोजच्या वापरात आहे, ते जेईएस महाविद्यालयामुळे. तिथल्या विज्ञान शाखेला आर. बेझनजी यांचे नाव दिलेले आहे. मात्र प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांना त्या नावाचा घरच्या नळाशी असलेला संबंध कुणी सांगत नाही.

2012-13च्या दुष्काळाने हे सगळे पुन्हा आठवायला लावले. शहर टँकरवर आले होते आणि घाणेवाडी आटली होती. त्या काळात गावातले व्यापारी, उद्योजक आणि साधे नागरिक एकत्र आले. त्यांनी वर्गणी काढून तलावातला गाळ उपसायला घेतला. तो काळा गाळ आसपासच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर भरभरून वावरात नेऊन टाकला. तलाव खोल झाला आणि मुरमाड रानांवर माती चढली. पुढे घाणेवाडी ते जालना या टप्प्यात कुंडलिका नदीचे पात्र रुंद आणि खोल करण्याचे कामही झाले. कुठल्याही पर्यटन-पत्रकात हे ठिकाण नाही, पण पाहुण्याला अभिमानाने दाखवावे असे ते नक्कीच आहे.

आता दुसऱ्या टोकाला, मोती तलावावर. गणपती विसर्जनामुळे हे पाणी साऱ्या गावाला ठाऊक. पण त्याचे वय फारसे कुणी विचारत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात जमशेदखानाने हा तलाव बांधला. त्यातले पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत नेले जात असे. जुन्या जालन्यातली काली मशीद आणि सराई हीदेखील त्याचीच कामे. म्हणजे मशीद, वाटसरूंचा मुक्काम आणि पिण्याचे पाणी यांचा विचार त्याने एकत्रच केला होता. म्हणून काली मशीद बघणाऱ्याने मोती तलाव चुकवू नये. एकावाचून दुसऱ्याचा अर्थ पुरता लागत नाही.

कुंडलिका ओलांडताना पुलावर थोडे थांबावे. नदीची दशा बघून वाईट वाटते आणि ते वाटायलाच हवे. हिच्या एका अंगाला जुने जालना आहे, तर दुसऱ्या अंगाला तटबंदीची बाजारपेठ असलेले कादराबाद, ज्याच्या भोवती नवीन जालना वाढत गेले. दोन्ही काठांच्या सवयी अजून वेगळ्या आहेत. नवीन जालन्यात बडी सडक, सराफा, फूल बाजार असा व्यापाराचा गजबजाट. पलीकडे आनंदी स्वामींचे मंदिर, जे महादजी शिंदे यांनी बांधल्याचे सांगितले जाते. आषाढी एकादशीला तिथे यात्रा भरते. तो दिवस साधता आला तर दुसरे काहीही बघायची गरज नाही.

मस्तगडाला मात्र वेळ काढून जावे. आसफजाह निजाम-उल्-मुल्क याच्या हुकमाने काबीलखानाने 1720च्या दशकात हा किल्ला बांधला. चौकोनी आखणी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, आत फारसी शिलालेख असलेला बालेकिल्ला. पुढे नगरपालिकेची कचेरीही याच बालेकिल्ल्यात भरत असे. पण खरी मौज आहे ती गढीतल्या विहिरीची. ती नुसती खोदलेली नाही. तिच्या पोटात सज्जे आणि दालने काढलेली आहेत. जुन्या गॅझेटियरने तिची मुद्दाम नोंद घेतली, यावरून तिचे वेगळेपण ध्यानात यावे. 2 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जालन्याचा किल्ला घेतला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, 23 तारखेला, याच जिल्ह्यातल्या असईला वेलस्ली आणि मराठ्यांची लढाई झाली. असईचे नाव जगभरच्या युद्धशास्त्राच्या पुस्तकांत आहे, आणि आपल्या मुलांच्या सहलींच्या यादीत मात्र ते अभावानेच दिसते.

दुसरा दिवस असेल तर गावाबाहेर पडावे, पण त्याआधी रेशीमबाजारात डोकवावे. जालन्याच्या बाजार समितीत 2018पासून रेशीमकोषांची खरेदी सुरू आहे. त्याआधी इथल्या शेतकऱ्यांना कोषांची पोती घेऊन थेट कर्नाटकातले रामनगर गाठावे लागे. पांढरेशुभ्र, बोटाच्या पेराएवढे कोष पसरलेले असतात. व्यापारी त्यातला एक उचलतो, कानाजवळ हलवून आतून आवाज येतो का ते बघतो आणि मगच बोली लावतो. थोड्या पाण्यावर तुती जगते, म्हणून हे पीक या रानांना मानवले.

पाण्याचा धागा तुटू न देता शेवटी कडवंची गाठावी. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने 1990च्या दशकात इथे पाणलोटाचे काम केले, ते इंडो-जर्मन कार्यक्रमातून. त्याला जर्मनीच्या विकास बँकेचा पैसा नाबार्डमार्फत मिळाला होता. बांधबंदिस्ती झाली, समतल चर खोदले गेले, मागाहून शेततळी आली आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. बागा भरात बघायच्या तर जानेवारी-फेब्रुवारीत जावे. आणि महिन्याची 5 तारीख जुळवता आली तर आधी खरपुडीला थांबावे; त्या दिवशी तिथे शेतकऱ्यांचे मासिक चर्चासत्र असते, आणि पुढे कडवंचीला नेणारा कुणीतरी सोबतीही तिथेच भेटतो.