बाई, गोळी घेताय ना?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


संक्रांतीच्या आदल्या दिवशी कासारणीने माझ्या डाव्या हातातल्या बांगड्या फडक्यात धरून वाढवल्या. हात इतका सुजला होता की त्या उतरेनात. स्तनाच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं. गाठ लहान असतानाच सापडली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं सरकारच्या फुले योजनेतून झालं. ते उपकार मी विसरणार नाही. पण काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, ती सुरुवातीलाच धरली तर व्यायाम, हलकी मालीश आणि मापाची स्लीव्ह यांनी आटोक्यात राहते, हे मला त्यानंतर कळलं. तोवर मी वातावरचं तेल चोळत होते.

माझ्यासोबत केमो घेतलेल्या एका ताईंना टॅमॉक्सिफेन सुरू आहे. निदान पाच वर्षं घ्यायची गोळी. रात्री अंगातून वाफा निघायच्या, उशी घामाने भिजायची. त्यांनी चार महिने गोळी बंद ठेवली आणि घरातही कुणाला सांगितलं नाही. जीव वाचलाय, आता कसली कुरकुर, असं त्यांना वाटलं. आजार उलटू नये म्हणून दिलेली गोळी अशी गुपचूप सुटते, याचा मला फार त्रास होतो, कारण त्या वाफांवर औषध आहे. मात्र ते डॉक्टरांनीच द्यायला हवं. वाफांसाठी दिल्या जाणाऱ्या पॅरोक्सेटिनसारख्या काही गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचाच असर कमी होऊ शकतो. लेट्रोझोल या अशाच दुसऱ्या गोळीने सांधे धरतात, ते रोजच्या चालण्याने सैल पडतात. हाडांची तपासणी मात्र करावी लागते. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेलने बोटं बधिर होतात. भाकरी उलटताना तवा लागला तरी मला कळत नसे. हे वेळीच सांगितलं तर डॉक्टर डोस बदलू शकतात. आणि केमोनंतर ताप १००.४ वर गेला तर घरी क्रोसिन घेऊन झोपायचं नसतं, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा असतो.

साहेब, जिथे सरकारी केमो दिली जाते, तिथे हे त्रास ओळखायला आणि सांभाळायला शिकवलेली एक नर्स आणि एक फोन द्या. हाताच्या मापाची स्लीव्ह तिथेच मिळू द्या. उपचार संपल्यावरही त्या नर्सने दर महिन्याला फोन करून विचारावं, ‘बाई, गोळी घेताय ना? हात कसा आहे?’ आणि समोरची ‘नाही घेत’ म्हणाली, तर न रागावता ‘का?’ एवढं विचारून ऐकून घ्यावं.

आपली,
सांगली जिल्ह्यातील एक शिक्षिका