जुन्या डब्यातला पिस्टन

घरातलं पोर मोडकी सायकल नाहीतर पाण्याचं इंजिन खोलून बसलं, की आपण डाफरतो. अशा घरांसाठी आजची गोष्ट.

बर्ट मन्रो न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिलचा, शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८९९चा. १९२० साली त्यानं ‘इंडियन स्काऊट’ मोटारसायकल घेतली. नाव इंडियन, पण बनावट अमेरिकेची. इंजिन ६०० सीसीचं, वेग ताशी जेमतेम ८९ किलोमीटर.

शर्यतीसाठी महागडी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. मग हीच गाडी तो वर्षानुवर्षं सुधारत राहिला. पिस्टन घरीच जुन्या डब्यांत ओतले. मापाला चाकाचा जुना स्पोक वापरला. दिवसा मोटारसायकली विकायच्या आणि रात्र रात्र शेडमध्ये खपायचं. फुटलेले भाग फेकले नाहीत. ते फळीवर मांडले आणि वर लिहिलं, ‘वेगदेवाला नैवेद्य’!

१९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर तीच गाडी ताशी सुमारे २९६ किलोमीटर धावली. तोवर इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढवलेलं होतं. १००० सीसीखालच्या गटात तो विक्रम ठरला.

मंडळी, पैसा कमी असेल तिथं वेळ आणि चिकाटी घालावी लागते. मात्र ब्रेक, टायर आणि हेल्मेट यांत काटकसर नको. आणि शर्यत गावच्या रस्त्यावर तर मुळीच नको; मन्रोनंही विक्रमासाठी मोकळं मैदानच गाठलं.

पोरगं इंजिन खोलतंय ना? खोलू द्या. फक्त सुटे भाग क्रमानं मांडायला सांगा. जोडताना तेच कामी येतं.